समुद्रातून उठलेली कचेरी

गोंदिया शहरास लागूनच मुर्री हे गाव आहे. भाताच्या शेतीचा हा मुलूख. येथील एखाद्या गृहस्थाचे सरकारदरबारी काही काम अडले आणि तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेरीत त्याचा निकाल लागला नाही, म्हणजे तो गोंदियाच्या स्टेशनावर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसतो, रात्र गाडीत काढतो, आणि सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस उतरतो. त्याच्या आजोबांना इतके दूर यावे लागत नसे. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्यप्रदेशात मोडत होता आणि राजधानी नागपूरला होती. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि मुर्रीच्या कागदांचा शेवटचा मुक्काम अरबी समुद्राच्या काठी गेला. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. जिल्ह्याची कचेरी दाराशी आली, राजधानी मात्र होती तेथेच राहिली.

मंत्रालयाच्या दाराशी अभ्यागतांची रांग असते. आत जाण्यास अवकाश आहे, तोवर वेळ कसा घालवावा म्हणून असा मनुष्य समुद्राच्या दिशेने चालू लागला, तर थोड्याच मिनिटांत नरिमन पॉइंटपाशी पोहोचतो आणि तेथे तेवीस मजल्यांची एक पांढुरकी इमारत त्याच्या नजरेस पडते. मुंबईकर तिला अद्यापि एअर इंडियाची इमारत असेच म्हणतात. वस्तुतः कंपनीचे मुख्य ठाणे तेथून हलले त्यास दशकाहून अधिक काळ लोटला. कंपनी सरकारची राहिली नाही आणि इमारत कंपनीची राहिली नाही. तरी नाव चिकटले ते चिकटलेच.

या इमारतीत कोण कोण राहून गेले, हे सांगण्यापूर्वी ती ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीची हकीगत सांगणे प्राप्त आहे. कारण ही जमीन मुळात जमीनच नव्हती. तेथे बॅक बेचे पाणी होते. ते हटवून भूमी करावी, ही कल्पना प्रथम जोर धरते ती एका दूरदेशच्या युद्धामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारातील कापसास कधी नव्हे तो भाव आला. इतका पैसा घालावयाचा कोठे, या विवंचनेतून कंपन्यांचे पीक उगवले. त्यांत बॅक बे भरून काढणारी कंपनी सर्वांत मोठी गाजली. प्रेमचंद रायचंद यांचे नाव या काळाशी कायमचे जोडले गेले आहे. समुद्राचे पाणी अजून जागचे हालले नव्हते, तोच त्या पाण्याखालच्या जमिनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने हातोहात विकले जात होते. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे हिशेब चुकते करावयाचा दिवस. त्या दिवशी मुंबईच्या कित्येक घरांत दिवा लागला नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, परंतु फार मोठी होणार नाही. कंपनी बुडाली. किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी तेवढी भरून झाली होती, ती पुढे रेल्वेच्या उपयोगी पडली.

दुसरा प्रयत्न सरकारने स्वतः केला. १९१८ साली सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर झाले. शहरात जागेची टंचाई भयंकर होती, आणि ती दूर करण्यासाठी मरीन लाइन्सपासून कुलाब्यापर्यंत समुद्र हटवून सुमारे १,१४५ एकर जमीन काढावी, अशी योजना मुक्रर झाली. आठ तुकड्यांत काम व्हावयाचे होते. खर्च वाढत गेला. टाकलेला गाळ भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला. आणि ज्या भाड्याच्या आशेवर सारा हिशेब मांडला होता, ते भाडे महायुद्धानंतरची तेजी ओसरताच उतरले. या कामातील गैरव्यवहारांवर ज्यांनी कौन्सिलात आणि वर्तमानपत्रांत तोफ डागली ते खुर्शेद फ्रामजी नरिमन. हार्वे नावाच्या एका इंजिनियराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला; नरिमन त्यातून निर्दोष सुटले. लोकांनी योजनेचे नाव ‘लॉइडचा खुळेपणा’ असे ठेवले. अखेर आठ तुकड्यांपैकी चारच पुऱ्या झाल्या. सुमारे ४४० एकर जमीन मिळाली. मरीन ड्राइव्हचा सुंदर रस्ता आणि त्यावरील घरांची रांग त्याच भरावावर उभी राहिली, म्हणून त्या खुळेपणास मुंबईकरांनी पुढे पुष्कळशी माफी दिली. मधल्या चार तुकड्या मात्र पाण्याखालीच राहिल्या.

नरिमन १९३५ साली मुंबईचे महापौर झाले, १९४८ साली वारले. स्वातंत्र्यानंतर वीसएक वर्षांनी त्या उरलेल्या पाण्यापैकी काही भाग महाराष्ट्र सरकारने भरून काढावयास घेतला आणि त्या नव्या भूमीच्या टोकास नाव मिळाले ते नरिमन पॉइंट. समुद्र भरण्याच्या उद्योगातील लबाडी ज्याने उघडकीस आणली, त्याचेच नाव भरावावर! नाव ठेवणारांनी गौरवाच्या हेतूने ठेवले यात शंका नाही; पण स्वतः नरिमन असते तर त्यांनी आधी हिशेबाच्या वह्या मागवल्या असत्या.

वह्या मागविणारे कोणी नव्हतेच असे नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक निराळाच विचार मांडला होता. त्यांचे म्हणणे असे की, मुंबई बेटाच्या दक्षिण टोकास आणखी कचेऱ्या बांधणे म्हणजे दररोज सकाळी दक्षिणेस आणि सायंकाळी उत्तरेस वाहणारा माणसांचा लोंढा अधिक फुगविणे होय. त्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेस नवे शहर वसवावे आणि सरकारने आपल्या कचेऱ्या प्रथम तेथे न्याव्यात. सरकारास हा विचार पटला. १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली. परंतु त्याच सुमारास त्याच सरकारचा दुसरा हात नरिमन पॉइंटचे भूखंड भाडेपट्ट्याने देत होता. एका हाताने नवे शहर मांडावे आणि दुसऱ्या हाताने जुन्या शहराचे टोक लांबवावे, असा हा प्रकार होता. भूखंडांचे वाटप उघड लिलावाने न होता मनमानीने होते, अशी तक्रार घेऊन पिलू मोदी यांनी १९७४ साली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सरकारच्या कचेऱ्याही खाडीपलीकडे गेल्या नाहीत. मंत्रालय होते तेथेच राहिले, आणि १९८१ साली विधानभवनाची नवी वास्तूही नरिमन पॉइंटलाच उभी राहिली.

अशा या भूमीवर १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत उंच इमारतींची एक ओळच उठली. उंच कचेरी ही चीज मूळची अमेरिकन. १८८५ साली शिकागो येथे होम इन्शुअरन्स कंपनीची दहा मजली इमारत पुरी झाली. तिचा भार जाड भिंतींवर नसून मुख्यतः धातूच्या सांगाड्यावर होता, म्हणून तिला गगनचुंबी इमारतींची आदिमाता म्हणण्याचा प्रघात आहे. सांगाड्याच्या जोडीला बिनधोक लिफ्ट आली नसती तर हा सारा खटाटोप व्यर्थ होता. कारण पाच जिने चढून भाडे भरावयास कोणीही राजी नसतो. लिफ्ट आल्यावर उलटेच झाले. पूर्वी वरचा मजला स्वस्त असे, तो सर्वांत महाग झाला. हिंदुस्थानात या तऱ्हेची पहिली मोठी कचेरी १९५९ साली मद्रासमध्ये आयुर्विमा महामंडळाची उभी राहिली. ती पुरी करणारे स्थापत्यविशारद लक्ष्मण महादेव चितळे हे मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. मुंबईत नरिमन पॉइंटवर जोसेफ अॅलन स्टाइन यांनी आखलेला एक्सप्रेस टॉवर्स, त्याच्याजवळ ओबेरॉय यांचे हॉटेल, आणि त्या दोहोंच्या शेजारी एअर इंडियाची इमारत, अशी ही ओळ समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

एअर इंडिया त्या वेळी केवढ्या तोऱ्यात होती, याची कल्पना आजच्या तरुण पिढीस येणे कठीण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे विमान मुंबईच्या जुहू येथे उतरविले, तेथपासून या कंपनीची कुंडली मांडावयाची. जुहूचे ते मैदान म्हणजे किनाऱ्यावरची चिखलवट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. १९४६ साली कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा मार्गे लंडनला गेले. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी अध्यक्षपदी जे. आर. डी. च राहिले. १९६० साली कंपनीकडे जेट विमाने आली आणि दोन वर्षांत तिने पंख्याची विमाने अजिबात बंद केली. १९७१ साली पहिले जंबो विमान आले. त्याचे नाव ‘सम्राट अशोक’. गुडघ्यात वाकून स्वागत करणारा तो मिशाळ महाराजा बॉबी कूका यांच्या कल्पनेतून १९४६ मध्येच जन्मला होता आणि लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरही त्याची चित्रे झळकत होती. अशा कंपनीस स्वतःच्या नावाची, लांबून ओळखू येईल अशी एक वास्तू हवीशी वाटली, तर त्यात नवल नव्हते.

नकाशा करण्याचे काम न्यूयॉर्कचे जॉन बर्जी यांच्याकडे गेले. त्यांचे भागीदार फिलिप जॉन्सन यांनी पुढे जवळच टाटा थिएटर आखले. ते १९८० साली खुले झाले. १९७४ साली इमारत पुरी झाली. भरावाच्या जमिनीवर इतका भार घालावयाचा म्हणजे भराव ओलांडून खालच्या खडकास आधार मागावा लागतो. खाऱ्या हवेशी लोखंडाचे वैर, आणि पावसाळ्यातील वारा तर तोंडावरच. हे सारे सांभाळून खाली तळघरे, वर तेवीस मजले, आणि माथ्यावर लाल रंगातील नाव व धनुष्य ओढलेल्या अश्वमानवाचे बोधचिन्ह अशी ही वास्तू सजली. रात्री मलबार हिलवरून मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ पाहताना ते लाल चिन्ह माळेच्या टोकाशी दिसे. कित्येक घरांतील मुलांना विमानात बसण्याचे भाग्य लाभले नाही, परंतु रविवारी संध्याकाळी समुद्रावर फिरावयास नेले असता या चिन्हाकडे बोट दाखवून विमानाची हौस भागवून घेता येत असे.

तेवीसही मजले कंपनीस लागणार नव्हते. काही स्वतःस ठेवून बाकीचे भाड्याने द्यावयाचे, हा हिशेब पहिल्यापासूनच होता आणि तो शहाणपणाचा होता. खालच्या भागात तिकिटांची कचेरी, वर विमान कंपनीचे निरनिराळे विभाग, आणि मध्ये बँका व व्यापारी कंपन्या अशी वस्ती झाली. या भाडेकरूंत एक बँक ऑफ ओमान होती. नाव ओमानचे, पण बँक दुबईची. १९६७ साली स्थापन झालेली. आखातात तेलाचा पैसा वाहू लागल्यावर हिंदुस्थानातून हजारो माणसे तिकडे कामास गेली, ती नेणारी विमाने एअर इंडियाची आणि त्यांचा पैसा परत आणणाऱ्यांत अशा बँका. तेव्हा दोघे एकाच छपराखाली राहिली यात एक प्रकारचे औचित्य होते.

नरिमन पॉइंटचा भाव या काळात चढतच गेला. त्यास एक कारण कायद्याचे होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींतील भाडी गोठविली होती. फोर्टमधील मोक्याच्या कचेऱ्या नाममात्र भाड्यात जुन्या भाडेकरूंच्या ताब्यात अडकल्या होत्या आणि ते त्या सोडीत नव्हते. साहजिकच नव्याने येणाऱ्यास नव्या इमारतींतच जागा धुंडाळावी लागे, आणि तेथे मागणाऱ्याचे तोंड मोकळे होते. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या. १९९५ च्या सुमारास तर नरिमन पॉइंट हे जगातील अत्यंत महाग कचेरी-स्थानांपैकी एक गणले जाऊ लागले. न्यूयॉर्क आणि लंडन मागे पडले. ज्या शहरातील निम्मी माणसे झोपड्यांत राहत होती, त्या शहराच्या एका टोकास हा भाव होता.

सुखाच्या दिवसांतही या कचेरीवर काळोखाचे प्रसंग आले. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून दुबईस निघाले आणि उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. त्यातील २१३ माणसांपैकी एकही वाचला नाही. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने जे. आर. डी. टाटा यांस अध्यक्षपदावरून दूर केले. पंचेचाळीस वर्षांचा संबंध असा तुटला. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ आकाशात स्फोटाने फुटले व ३२९ माणसे गेली. अशा दुर्घटना घडतात दूर. परंतु आप्तांचे प्रश्न येतात ते मुख्य कचेरीच्या दाराशी.

१२ मार्च १९९३ रोजी मात्र संकट प्रत्यक्ष दारात आले. शुक्रवार होता. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या उंच इमारतीत पहिला स्फोट झाला. तासाभरात, अडीचच्या सुमारास, एअर इंडियाच्या इमारतीखाली ठेवलेली मोटार फुटली. जेवणाची सुट्टी संपवून माणसे परत जागेवर बसण्याची ती वेळ. वर असलेली बँक ऑफ ओमानची कचेरी उद्ध्वस्त झाली. या एका जागी वीस माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी शहरभर झालेल्या स्फोटांत मरण पावलेल्यांची सरकारी संख्या २५७ आहे. बॉम्ब ठेवणाऱ्यांनी ठिकाणे निवडली ती कोणती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बाजार, विमान कंपनी, हॉटेले, पासपोर्टाची कचेरी. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी शहर बाहेरच्या जगास भेटते ती ठिकाणे. एरवी ज्या दर्शनीपणाचा अभिमान वाटे, त्यानेच या वेळी इमारतीवर नेम धरावयास साहाय्य केले. सांगाडा शाबूत राहिला. डागडुजी झाली, कांचा बसविल्या गेल्या, लिफ्टी चालू झाल्या आणि कारकून पुन्हा चर्चगेटवरून चालत कामास येऊ लागले. मुंबईच्या या वृत्तीची स्तुती पुष्कळ होते. त्या कारकुनांपुढे दुसरा मार्ग होता काय, हे मात्र स्तुती करणारे विचारीत नाहीत.

जे. आर. डी. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला जिनीव्हा येथे निवर्तले.

पुढील काळात नरिमन पॉइंटचे तेज हळूहळू उतरले. गाव उत्तरेस सरकले होते. कचेऱ्या तेवढ्या दक्षिणेस राहिल्या होत्या. १९६५ साली त्या तिघांनी सांगितलेली गोष्ट तीस-चाळीस वर्षांनी भाडेकरूंनी स्वतः करून दाखविली, फक्त ते खाडीपलीकडे न जाता बहुतांशी वांद्रे-कुर्ला संकुलात आणि परळच्या गिरण्यांच्या जागी गेले. राष्ट्रीय शेअर बाजार वांद्रे-कुर्ल्यास गेला. २०१० साली हिऱ्यांचा बाजारही तिकडे सुरू झाला. भाडेनियंत्रणाचा नवा कायदा १९९९ साली झाला व बँका आणि मोठ्या कंपन्या यांच्यावरील जुन्या भाड्याचे छत्र उडाले. त्यामुळे फोर्टमधील अडकलेल्या जागाही बाजारात येऊ लागल्या. नव्या संकुलांतील विस्तीर्ण मजल्यांपुढे १९७० च्या दशकातील इमारती अरुंद आणि जुनाट वाटू लागल्या.

विमान कंपनीचे दिवसही फिरले होते. २००७ साली तिचे इंडियन एअरलाइन्सशी लग्न लावण्यात आले. दोघींचे देणे मात्र एकत्र आले आणि वाढले. २०१२ साली सरकारने तिला सावरण्याची जी योजना केली, तिच्यात स्थावर मिळकत विकून अगर भाड्याने देऊन पैसा उभा करणे हे एक कलम होते. त्यास अनुसरून २०१३ साली मुख्य ठाणे दिल्लीस गेले. ज्या मुंबईत कंपनी जन्मली, जेथून तिचे पहिले विमान परदेशी गेले, तेथे आता तिने आपलीच इमारत इतरांस भाड्याने द्यावयाची होती. केंद्र सरकारच्या करखात्यांच्या कचेऱ्या त्या मजल्यांत आल्या. एके काळी जेथे महाराजाच्या जाहिरातींची चर्चा होई, तेथे करदात्यांना नोटिसा लिहिल्या जाऊ लागल्या. भाडे नियमित येत होते, त्याने विमान कंपनीच्या कर्जाचा एक कोपराही भरला जात नव्हता.

या इमारतीतील एका मूक बिऱ्हाडकरूची हकीगतही सांगितली पाहिजे. तो म्हणजे कंपनीचा चित्रसंग्रह. १९५० नंतरच्या दशकात परदेशांतील तिकीट-कचेऱ्या सजविण्यासाठी कंपनीने तरुण चित्रकारांची चित्रे घेण्यास सुरुवात केली. हुसेन, गायतोंडे यांसारख्यांना तेव्हा फारसे कोणी विचारीत नव्हते. १९६७ साली तर साल्व्हादोर दाली यांच्याकडून रक्षापात्राची आकृती करवून घेतली, आणि त्या बदल्यात त्यांनी पैशाऐवजी हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते स्पेनला पोहोचविलेही. हिशेबनिसाने ही बाब कोणत्या सदरात लिहिली असेल, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. हळूहळू ही चित्रे, वस्त्रे आणि शिल्पे हजारोंच्या संख्येने जमली आणि त्यांतील पुष्कळशी नरिमन पॉइंटच्या इमारतीत राहिली. पुढे चित्रांच्या किमती आकाशास भिडल्या आणि कंपनी जमिनीवर आली. २०१७ साली जतिन दास यांचे एक चित्र संग्रहाबाहेर जाऊन बाजारात विक्रीस आल्याचे खुद्द चित्रकारांच्याच ध्यानी आले, तेव्हा मोजदादीची आठवण झाली. अखेर हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हवाली करण्याचे ठरले. सरकारी मालकीच्या कंपनीने विकत घेतलेली वस्तू सार्वजनिक ठिकाणी गेली, हे योग्यच झाले.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. विमाने गेली, नाव गेले, महाराजा गेला. नरिमन पॉइंटची इमारत मात्र गेली नाही. अशा स्थावर मिळकती आधीच निराळ्या काढून केंद्र सरकारच्या एका स्वतंत्र कंपनीकडे ठेवल्या होत्या, जेणेकरून त्या विकून जुने कर्ज फेडता यावे. म्हणजे एअर इंडियाच्या इमारतीशी एअर इंडियाचा संबंध उरला तो लोकांच्या तोंडापुरता.

मग घेणार कोण? येथे मंत्रालयाकडे वळले पाहिजे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली. वरचे मजले जळाले, पाच माणसे मेली, आणि असंख्य कागद गेले. त्या कागदांत मुर्रीसारख्या गावांचेही कागद असणारच. कित्येक खाती इतस्ततः विखुरली, आणि खाजगी इमारतींत भाडे भरून राहू लागली. मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर तेवीस मजली इमारत विक्रीस निघाली असता राज्य सरकारने ती घ्यावी, हा विचार सहज सुचणारा होता. २०१८ पासून बोलणी चालली. आयुर्विमा महामंडळ आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांनीही त्या वेळी तीत रस दाखविला होता. दर ठरेना, मध्ये सरकारे बदलली, महामारी आली. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांस खरेदी करण्याचे ठरविले, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने त्यास मान्यता दिली. सरकारी आकड्याप्रमाणे एकंदर जागा ४६,४७० चौरस मीटर भरते.

या व्यवहारात एक लहानसे कलम आहे, त्याकडे वर्तमानपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही. राज्य सरकारने विमान कंपनीकडून येणे असलेली २९८ कोटी ४२ लाखांची रक्कम सोडून दिली. ही बाकी आली कोठून? तर इमारत विमान कंपनीची असली तरी तिच्याखालची जमीन महाराष्ट्र सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली होती. आणि अशा जमिनीवर पोटभाडेकरू ठेवून जो फायदा होतो त्यात मूळ मालकाचाही वाटा असतो. पन्नास वर्षे ज्या घरमालकाचे भाड्याच्या पावत्यांवर नाव नव्हते, तो घरमालक हाच. समुद्र भरला सरकारने, भूखंड दिला सरकारने, आणि त्यावर उठलेली इमारत १,६०१ कोटी देऊन घेतलीही सरकारने. मध्ये येऊन गेलेल्या विमान कंपनीचे कर्ज मात्र दुसऱ्या सरकारच्या खाती राहिले. हा पैसा एका सार्वजनिक खिशातून दुसऱ्या सार्वजनिक खिशात गेला, असे म्हणून काहीजण समाधान मानतात. खिसे दोन असले तरी ते भरणारा एकच आहे, आणि त्यात मुर्रीचा भात पिकविणाराही येतो.

मुर्रीहून पाहिले असता या हकीगतीत आणखी एक योगायोग आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. पुष्कळ वर्षे ती जवळजवळ ओस होती. पुढे तेथे वैमानिकांना शिकविणारी संस्था निघाली, आणि गोंदियाच्या आकाशात शिकाऊ विमाने घिरट्या घालू लागली. २०२२ पासून उतारूंची विमानेही त्या धावपट्टीवरून जाऊ लागली. मुर्रीच्या कामदाराची गाडी मात्र अजून विदर्भ एक्सप्रेस हीच आहे.

राज्य सरकारने खरेदी ठरविताना अट घातली ती ही की, इमारत पूर्ण रिकामी होऊन ताब्यात मिळावी. केंद्राच्या करखात्यांनी आपले मजले आधी सोडावेत. त्यानंतर निरनिराळ्या ठिकाणी भाड्याने राहिलेली राज्याची खाती तेथे आणावयाची, असा बेत झाला. ज्या खात्याचा मुक्काम तेथे पडेल, त्याच्याकडे काम असलेल्या मनुष्यास मंत्रालयाच्या खिडकीत नवा पत्ता सांगितला जाईल, आणि तो सांगणारा शिपाई बहुधा एवढेच म्हणेल की, समोरून सरळ समुद्राकडे जा, आणि एअर इंडियाची इमारत कोणती म्हणून विचारा.